धरा, पण ढकलू नका

"धरा, पण ढकलू नका."

सहा वर्षं, मधलं एक सोडून, जवळजवळ दर रविवारी सकाळी सहाच्या सुमाराला मी हे वाक्य ऐकलं. तो सायकलवर बसलेला असायचा. दोन्ही बूट पॅडलमध्ये अडकवलेले, कोपरं पोटाशी, मान खाली. सायकल सरळ उभी राहावी म्हणून मी मागून डाव्या हाताने सीट धरलेली, उजव्या हातात स्टॉपवॉच. पाच, चार, तीन, दोन, एक म्हणायचं आणि हात सोडायचा. माझं काम एवढंच.

पहिल्या रविवारी मी चांगुलपणाने थोडा रेटा दिला. वीस मीटरवर ब्रेक लावून तो परत आला.

"काका, पुन्हा. तुम्ही ढकललं."

"अरे, सरावच तर आहे."

"सराव हाय म्हणून तर. तुमचा रेटा माझ्या आकड्यात गेला, तर माझा स्वतःचा आकडा कोणता ते कसं कळणार?"

मला हा माणूस आवडला तो त्याच क्षणी. मी अंबडच्या एका कारखान्यात गेज रूममध्ये काम करतो. कारखान्यातली सगळी मोजमापाची साधनं, म्हणजे मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल, ठरलेल्या मुदतीने माझ्याकडे तपासायला येतात. मी ती आमच्याकडच्या मास्टरशी, म्हणजे प्रमाण मापाशी, ताडून पाहतो, चूक किती ते लिहितो आणि खाली सही करतो. सत्तावीस वर्षं हेच केलं आहे. घरी कोणी "पाच-दहा मिनिटांत येतो" म्हणालं तर मी विचारतो, पाच की दहा? त्यामुळे मला मित्र कमी आहेत. तो आमच्याच कारखान्यात लेथवर होता, माझ्याहून चोवीस वर्षांनी लहान. त्या रविवारच्या आधी एकदा मायक्रोमीटर तपासून न्यायला आला आणि टेबलावरचं स्टॉपवॉच बघून म्हणाला, "हे खरं दाखवतं का?"

"दिवसाला दीड सेकंद पुढे जातं."

"मग चालंल. मला तासभरच लागतं."

तुम्ही सायकलच्या शर्यती पाहिल्या असतील तर तुमच्या डोळ्यांपुढे शंभरेक सायकलवाल्यांचा घोळका येईल. याची शर्यत तशी नव्हती. टाइम ट्रायलमध्ये एकेकाला मिनिटामिनिटाने सोडतात. पुढे कोणी दिसत नाही, मागचा ऐकू येत नाही. कोणाच्या आडोशाने वारा चुकवायचा नाही. ठरलेलं अंतर एकट्याने तोडायचं आणि सगळ्यांच्या वेळा शेवटी एका कागदावर मांडायच्या. जिंकल्याचं कळतं ते तासाभराने, सावलीत बसून केळं खाताना.

आमचा रस्ता दिंडोरीचा. म्हसरूळ मागे टाकल्यावर एका किलोमीटरच्या दगडापासून सुरुवात, दिंडोरीच्या बाजूला पंधरा किलोमीटरवरच्या दगडाला वळसा आणि परत. वळणापाशी रस्त्याच्या कडेने लांबवर एकच द्राक्षबाग आहे. तिथला म्हातारा राखणदार खाटेवर बसून आम्हाला बघायचा. सुरुवातीच्या दगडापाशी सीटवरचा हात सोडला की कधी मी स्कूटरने मधल्या वाटेत जाऊन थांबायचो, कधी वळणावर. एकदा वळणावर असताना राखणदाराने विचारलं, "बाकीचे कुठं मागं राह्यले?"

"बाकीचे नाहीत. हा एकटाच आहे."

"एकटाच?" त्याने तंबाखू मळायची थांबवली. "मंग ह्यो जिकतो कोणाला?"

मी ते परत आल्यावर त्याला सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. नंतर बरेच दिवस सीटवर बसता बसता तो स्वतःलाच विचारायचा, "आज जिकायचं कोणाला, काका?" आणि उत्तरही तोच द्यायचा. "तुमच्या घड्याळाला."

घामाने निथळत परत आला की पाण्याच्या बाटलीला हात लावण्याआधी त्याचा एकच शब्द असायचा. "किती?" मी "छान गेलास" असं म्हटलेलं त्याला चालत नसे. "छान राहू द्या. किती?"

कारखान्यात त्याची चेष्टा व्हायची. वारा कमी लागावा म्हणून तो पायांवरचे केस काढायचा. जेवणाच्या सुट्टीत लेथवाले म्हणायचे, "काय रे, पाय गुळगुळीत केले? साखरपुडा हाय का?" हा शांतपणे डबा उघडायचा. "केसानं तीस किलोमीटरला चार-पाच सेकंद जात्यात." कोणीतरी म्हणायचं, "आणि ते वाचवून करतो काय?" यावर मात्र तो भाकरी मोडायचा.

दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यातून तो आलेला. आमच्या कॉलनीच्या मागच्या बाजूला दोघा-तिघांत खोली घेऊन राहायचा. रविवारी सराव झाला की आमच्याकडे जेवायला. माझ्या बायकोने पहिल्यांदा वाढलं तेव्हा त्याने पोळी हातात धरून विचारलं, "काकू, एका पोळीला किती ग्राम कणीक?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हे घ्या. एक होता ते कमी होतं म्हणून दुसरा आणलात." आणि त्याला म्हणाली, "माझ्या पोळीला अजून कोणी काट्यावर ठेवलं नाही बाबा. पोट भरेस्तोवर खा."

पुढच्या रविवारी तिने सहा गोळे गुपचूप काट्यावर ठेवले. बत्तीस ते सदतीस ग्रॅम. "सरासरी पस्तीस धर," तिने त्याला सांगितलं. मला तिने हे कधीच सांगितलं नसतं.

आता त्या रस्त्याच्या मापाबद्दल लिहिलं पाहिजे. ते लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिल्याच वर्षी मी तो रस्ता मोजला होता. स्कूटरच्या काट्यावर माझा भरवसा नाही. आमच्या बांधकाम विभागाकडे हातात धरून ढकलत न्यायचं मोजणीचं चाक आहे, ते आणलं आणि दोन रविवार चालून एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंतचं अंतर काढलं. पंधरा हजार चार मीटर. पंधरा किलोमीटरला चार मीटरची चूक म्हणजे काहीच नाही. मी वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलं, खाली सही केली आणि त्याला दाखवलं. त्याने पान दोनदा वाचलं. "आता आपला आकडा पक्का," तो म्हणाला.

सुरुवातीला त्याला तीस किलोमीटरला त्रेचाळीस मिनिटं लागत. दुसऱ्या वर्षी बेचाळीस. तिसऱ्या वर्षी जिल्ह्यात पहिला आला, राज्यात तिसरा. वहीतला सगळ्यांत चांगला आकडा होता एक्केचाळीस मिनिटं चौतीस सेकंद. तिथे तो अडकला. या खेळात मोठ्या संघांची माणसं एक्केचाळीसच्या आतल्यालाच विचारतात. चौतीस सेकंद. तुम्हाला ती किरकोळ वाटतील. त्याने त्यासाठी चौदा महिने घातले आणि एक सेकंदही निघाला नाही.

मग रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम निघालं. खडी, डंपर, धूळ. ते वर्षभर आम्ही तिकडे गेलो नाही. सराव दुसरीकडे चालला, पण तिथे माप नव्हतं म्हणून मी वेळ लिहीत नव्हतो.

काम संपल्यावर पहिल्या रविवारी गेलो. नवा काळाभोर डांबरी रस्ता, दगड नव्याने रंगवलेले. मी धरलं, सोडलं. तो परत आला तेव्हा मी घड्याळ बंद केलं आणि पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"किती?"

"चाळीस एक्केचाळीस."

तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. मग म्हणाला, "काका, घड्याळ तपासलंय ना?"

"परवाच."

"धरताना ढकललं नाय ना?"

"नाही रे."

त्रेपन्न सेकंदांची सुधारणा. आम्ही कारणं मांडली. रस्ता गुळगुळीत, नवं हँडल, वर्षभराचा सराव. बेरीज जमली. बेरीज जमवायची म्हटली की जमते, हे मला कळायला हवं होतं.

त्यानंतर महिन्याभराने तो म्हणाला, "काका, मोबाईल एकोणतीस चार दाखवतोय. तीस नाय दाखवत."

"मोबाईल वळणं कापतो," मी म्हटलं. "झाडाखाली चुकतो."

"पण दर वेळी एकोणतीस चारच."

"मोबाईलचं मला सांगू नकोस. दगड हलत नाही."

हे वाक्य मी म्हटलं. कारखान्यात नव्याने आलेल्यांना मी काय शिकवतो तेही लिहून ठेवतो. दर वेळी वेगळी चूक दाखवणारं साधन बिघडलेलं असतं. दर वेळी नेमकी तेवढीच चूक दाखवत असेल, तर साधनावर शंका घेण्याआधी मास्टर तपासा. आमच्याकडचे मास्टरसुद्धा वर्षातून एकदा बाहेरून तपासून येतात. हे मी किमान दोनशे जणांना शिकवलं असेल. पण रविवारी सकाळी, दिंडोरी रस्त्यावर, मी मोजलेल्या आणि सही केलेल्या दगडाबद्दल मला ते आठवलं नाही.

त्याने मोबाईल खिशात ठेवला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याने चाळीस बत्तीस केलं. वहीतला तो सर्वांत चांगला आकडा. बाहेरच्या एका शहरातल्या खासगी संघाचा व्यवस्थापक माणसं शोधत होता. त्यांना टाइम ट्रायलवाला हवा होता. सायकल संघाची, राहणं-खाणं संघाचं, करार एका हंगामाचा. हंगामाच्या शेवटी त्यांची स्वतःची चाचणी, तीस किलोमीटर. एक्केचाळीसच्या आत आलास तर पुढचा करार, नाहीतर नाही. घ्यायच्या आधी त्यांना वेळांची नोंद हवी होती. मी वहीतले शेवटचे बावीस आकडे स्वच्छ अक्षरात उतरवले, खाली 'अंतर व वेळ तपासून पाहिले आहेत' असं लिहिलं, पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. व्यवस्थापकाचा फोन आला.

"तुम्ही गेज रूमला आहात?"

"हो. सत्तावीस वर्षं."

"मग प्रश्नच नाही," तो म्हणाला.

नोकरी सोडावी लागणार होती. दोन महिन्यांनी तो कायम होणार होता. रविवारी जेवण झाल्यावर त्याने विचारलं, "काका, राजीनामा टाकू का?"

बायको आतून म्हणाली, "त्याच्या आईबापांना विचारू दे. तुम्ही नका सांगू."

"मी कुठे सांगतोय," मी म्हटलं. "आकडा सांगतोय. एक्केचाळीसच्या आत यायचंय ना? तुझे चाळीस बत्तीस आहेत. अठ्ठावीस सेकंद हातात आहेत. एवढी सूट मी कारखान्यात कोणत्याही तयार भागाच्या मापाला दिलेली नाही."

त्याने वही मागितली, शेवटचं पान उघडलं, आकड्यावर अंगठा ठेवला.

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं," तो म्हणाला.

त्याची व्यावसायिक कारकीर्द आठ महिने चालली. अकरा शर्यती. सुरुवातीला संघाच्या कपड्यांतला फोटो आला. बायकोने तो शेजारच्यांना दाखवला. शर्यतीच्या संध्याकाळी तो फोन करायचा आणि आता "किती?" मी विचारायचो.

"एक्केचाळीस पन्नास. वारा लय व्हता."

"बेचाळीस दोन. चढ लागला शेवटी."

"एक्केचाळीस एक्केचाळीस" असं तो कधीतरी म्हणाला आणि आम्ही दोघंही जरा आशेवर आलो. मी कारणं लिहून घ्यायचो. वारा, चढ, झोप, खाणं, पाणी. सातव्या शर्यतीनंतर मी विचारलं, "आज काय होतं? वारा?"

"वारा नव्हता," तो म्हणाला. "काका, कारण मीच हाय. व्यवस्थापक म्हणतो, तू घरच्या रस्त्यावरचा वाघ हाय. माणसं बघितली की तुझे पाय जात्यात."

"तसं काही नसतं."

"मग काय असतं? आकडा तर तुम्हीच लिहिलाय."

मी त्याला रात्री लवकर झोप, असं काहीतरी सांगितलं. त्याने रक्त तपासून घेतलं. श्वासाचे व्यायाम केले. कोणीतरी सांगितलं म्हणून गर्दीची सवय व्हावी यासाठी तो बाजारात जाऊन उभा राहायचा. हे त्याने मला हसत सांगितलं. मी हसलो नाही.

हंगामाच्या शेवटच्या चाचणीत त्याने एक्केचाळीस एकोणीस केलं. एकोणीस सेकंदांनी राहिलं. रेघ ओलांडल्यावर तो रस्त्यावरच आडवा झाला आणि सगळ्यांसमोर रडला, हे मला व्यवस्थापकाने नंतर फोनवर सांगितलं, जरा तुच्छतेने. करार संपला.

सायकल संघाला परत करायची होती. त्याआधीच्या रविवारी तो आमच्या रस्त्यावर आला. आपण होऊन म्हणाला, "एकदा धरा, काका." पण 'ढकलू नका' तो म्हणाला नाही. मी धरलं, सोडलं. परत आला, पाणी प्यायला, मग विचारलं, "किती?"

"चाळीस छत्तीस."

तो मान हलवत राहिला. "बघा. म्हणजे दम पायात हाय. डोक्यात नाय. मी भित्रा हाय, काका. आता पक्कं झालं."

त्याच आठवड्यात सायकल गेली. कारखान्यात त्याच्या लेथवर कंत्राटी माणूस लागला होता. मी साहेबांना भेटलो, दोनदा. साहेब म्हणाले, "जागा असती तर मी तुमच्या शब्दावर घेतला असता." खोली सोडून तो गावी गेला.

मला चाळीस छत्तीस सोडेना. आठ महिने थकलेला, खचलेला माणूस, आणि आकडा सर्वांत चांगल्या दिवसाहून फक्त चार सेकंदांनी मागे. बाहेर मात्र सगळीकडे मिनिटभराने. दर वेळी जवळजवळ तेवढंच. सोमवारी गेज रूममध्ये एका मुलाला मी तेच नेहमीचं समजावत होतो, 'चूक दर वेळी तेवढीच असेल तर', आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं.

चाक आणलं. दोन रविवार चाललो. चौदा हजार सातशे दोन मीटर.

मी वळणाच्या दगडापाशी उभा होतो. राखणदार खाटेवरून उठून आला. "आज सायकल नाय?"

"हा दगड," मी म्हटलं, "इथेच होता का पहिल्यापासून?"

"ह्यो? नाय वो. रुंदीकरणात काढला व्हता. तिकडं व्हता, त्या मोरीच्या म्होरं. बिगाऱ्यांनी ट्रॉली हितं रिकामी केली, जमीन मऊ व्हती, हितंच पुरला. मी म्हनलं बी, आरं तिकडचा हाय. तर म्हनले, बाबा, कोण मोजाया येतंय?"

"मग तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं कुठं? मला वाटलं, गोल फिराया कुठलाबी दगड चालतो."

तीनशे दोन मीटर. जाताना आणि येताना मिळून सहाशे चार. त्याच्या वेगाने पन्नास सेकंद.

मी रस्त्याच्या खात्याला अर्ज दिला. पोच मिळाली. दगड अजून तिथेच आहे. रविवारी नवी मुलं तिथूनच वळतात आणि घड्याळ बघून खूश होतात. ज्यांना थांबवता येतं त्यांना मी सांगतो. काही जण ऐकतात.

घरी बसून मी वहीतले रुंदीकरणानंतरचे सगळे आकडे लाल शाईने दुरुस्त केले. पहिल्या दिवशीची त्रेपन्न सेकंदांची सुधारणा खरी तीन सेकंदांची होती. चाळीस बत्तीसचे एक्केचाळीस बावीस झाले. तो कधीही, एकदाही, एक्केचाळीसच्या आत आलेला नव्हता. हे मी तीन वेळा ताडून पाहिलं. तिसऱ्या वेळी एक गोष्ट दिसली आणि मी पेन खाली ठेवलं. चाचणीच्या दिवशीचे एक्केचाळीस एकोणीस हे त्या बावीसपेक्षा तीन सेकंदांनी कमी होते. पूर्ण मापाच्या रस्त्यावर, अनोळखी माणसांसमोर, त्या दिवशी त्याने आयुष्यात सर्वांत चांगली सायकल चालवली होती.

व्यवस्थापकाला पत्र लिहिलं. चूक माझी, मुलगा भित्रा नाही, त्याला आणखी एक संधी द्यावी. त्याने फोन केला. वाईट बोलला नाही. म्हणाला, "तुमचा हिशोब बरोबर असेल. पण आम्हाला एक्केचाळीसच्या आतला हवा होता. तो तेव्हाही नव्हता, आणि तुमच्याच हिशोबाने आधीही नव्हता. मग मी काय करू?"

अकरा दिवस मी ते पोटात ठेवलं. बायको म्हणाली, "खरं मापून आणलंत ना? मग ज्याचं आहे त्याला नेऊन द्या."

ऑक्टोबरची छाटणी होऊन गेली होती. तो गावाजवळच्या एका द्राक्षबागेत औषध मारायच्या ट्रॅक्टरवर होता. मी स्कूटर बांधाच्या कडेला लावली. तो दोन ओळींमधून येत होता, तोंडाला रुमाल, हात कोपरापर्यंत निळसर. पुढे वाकून, कोपरं पोटाशी घेऊन बसला होता. मला बघून इंजिन बंद केलं.

"काका? हिकडं कुठं?"

मी सांगितलं. दगड, बिगारी, ट्रॉली, तीनशे दोन. वही दिली. त्याने हात पँटला पुसले, तरी पानावर निळा ठसा उमटला. लाल आकडे तो बोट ठेवून वाचत गेला. मध्ये दोनदा मागे जाऊन आला. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबला.

"म्हणजे त्या दिवशी मी घाबरलो नव्हतो."

"नव्हतास. तुझी सर्वांत चांगली शर्यत होती ती."

त्याने रुमाल खाली ओढला. ओठ कोरडे पडले होते.

"एक्केचाळीस एकोणीस," तो म्हणाला. "माझा बेस्ट. आन् मी रस्त्यावर पडून रडलो." मग जरा वेळाने, "तेव्हा ठावं असतं तर आनंद झाला असता, काका. तेवढा एक दिवस."

"चूक माझी आहे. मोबाईल खरं सांगत होता. तू सांगितलं होतंस."

यावर तो नाही म्हणाला नाही, असू द्या म्हणाला नाही. मला ते बरोबर वाटलं.

"दुसरा एखादा संघ बघू," मी म्हटलं. "सायकलची सोय मी करतो. अजून वय—"

"आकडा माहितीय ना आता? खरा?"

"हो."

"मग?"

लांब कुठेतरी दुसऱ्या बागेत ट्रॅक्टर चालू होता. त्याने वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

"ठेव ना तुला."

"नको."

"घरची साधी सायकल चालवतोस की नाही?"

"नाय." मग त्याने विचारलं, "काकू बऱ्या हायत?"

"बऱ्या आहेत."

"पोळीचं पस्तीसच धरत्यात का अजून?"

मी हो म्हटलं. खरं तर तो गेल्यापासून तिने काटा वर फडताळात ठेवून दिला होता.

मी स्कूटरवर बसलो. औषधाची टाकी भरताना सांडलेल्या पाण्याने बांधाकडेला चिखल झाला होता, मागचं चाक जागेवरच फिरायला लागलं. मी पाय टेकून रेटायला लागलो तसा तो ट्रॅक्टरवरून उतरून आला.

"पाय वर घ्या, काका."

मी पाय वर घेतले. स्कूटर सरळ उभी राहिली. मागे सीटच्या कडेला त्याचा हात होता, मला तो दिसत नव्हता. मी वाट बघत होतो. तोंडातल्या तोंडात माझं पाच, चार, तीन सुरू झालं होतं, हे मला दोनवर लक्षात आलं.

त्याने ढकललं. चिखलातून बाहेर काढलं आणि तिथे थांबला नाही. बांधावरून, फाटकातून, पार डांबरी रस्त्यापर्यंत त्याचे पाय मागे वाजत होते. त्या पायांत केवढी ताकद होती, ते सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीला कळलं. मग हात सुटला.

आरशात पाहिलं तर तो पाठमोरा परत चालला होता, रुमाल पुन्हा तोंडावर ओढत. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. घड्याळ माझ्या खिशात होतं. मला त्याने किती लांब ढकललं, किती वेळ, हे मी मोजलेलं नाही.